दार का अडतं? शेषवत् अनुमान आणि एक पाचर

मंडळी, गेल्या खेपेला आपण अनुमानापाशी थांबलो होतो. न्यायसूत्रांत त्याचे तीन प्रकार सांगितलेत. त्यांतलं ‘शेषवत्’ म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. वात्स्यायनांचं उदाहरण नदीचं आहे : पूर दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला असणार. पूर्वपक्षी लगेच विचारतो, अहो, खाली कुणी बांध घातला असेल तर? पाणी तेव्हाही चढतंच. उत्तर असं, की नुसतं चढलेलं पाणी हा हेतूच नव्हे. ओढ, फेस, वाहत आलेली पानं-लाकडं, हे सगळं मिळून हेतू होतो.

आता हेच न्हाणीघराच्या दाराला लावू. हसू नका. आमची आई नव्वदीच्या पुढची. दार आतून अडेल या धास्तीनं ती ते लावेनाशीच झाली. तक्रार नाही, फक्त आंघोळीच्या वेळी सगळ्यांना गॅलरीत पिटाळायची. सुतार म्हणाला, ‘पावसानं फुगलंय, रंधा मारतो.’ हा बांधवाला पूर्वपक्ष! दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. तसं असतं तर कडीच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच आवळली असती. इथे ती वर नाहीशी, खाली चांगली रुंद. आणि खालचा कोपरा फरशीला घासत होता. म्हणजे दार फुगलं नव्हतं, कललं होतं. कडीला धरून जरा उचललं तर सहज लागत होतं. मग रंधा कशासाठी? हिवाळ्यात लाकूड आकसलं की नुसती भली मोठी फट उरली असती.

वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकात नुसते फिरत होते. गूल काढलेल्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकांत ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, स्क्रू पुन्हा पिळले. वरचं घासणं थांबलं. खालचा कोपरा मात्र लागतच होता.

तिथे पाचर हवी, पण कुठे? पुष्कळांना वाटतं, वरच्या बिजागरीमागे. त्यानं दार आणखी कलेल. ती खालच्या बिजागरीमागे, चौकटीच्या अंगाला घालायची. दाराचं खालचं अंग कडीकडे सरकतं आणि कडीची बाजू वर उचलली जाते. बिजागऱ्यांमधलं अंतर दाराच्या रुंदीच्या दुप्पट धरलं, तर 1 मिलिमीटरच्या पाचरीनं कोपरा अर्धा मिलिमीटर उचलतो. मुदत संपलेलं एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. आम्ही बिजागरीच्या मापाचे दोन तुकडे कापले. दाराखाली घडी केलेली वर्तमानपत्रं सारून भार तोलला, खालचे स्क्रू काढले, तुकडे सारले, पुन्हा पिळले. तेवढं पुरलं.

काडेपेटीचा पुठ्ठाही चालतो, पण बैठकीच्या खोलीत. न्हाणीघरात तो पाणी पितो, मऊ पडतो आणि बिजागरीखाली दबतो.