विमानाच्या तिकिटाआधी विम्याची पॉलिसी

डलास, दुबई किंवा लंडनहून पुण्या-नाशिकला कायमचं परतायचं ठरलं, की मुलांची शाळा, फ्लॅटचा ताबा, सामानाचा कंटेनर यांच्या याद्या वर्षभर आधी तयार होतात. आरोग्य विमा मात्र 'तिथे गेल्यावर बघू' या सदरात पडतो. मग उतरल्यावर एजंटला फोन जातो, "नवी नोकरी लागेपर्यंत दोन-तीन महिन्यांची एखादी पॉलिसी द्या हो." मागणी साधी आहे, पण तिच्यामागे बरेच गैरसमज दडलेले असतात.

गैरसमज १ : मधल्या काळापुरती छोटी पॉलिसी सहज मिळते.

वस्तुस्थिती : भारतात हॉस्पिटलच्या खर्चाची नेहमीची पॉलिसी किमान एक वर्षाची असते. २०२० मध्ये आलेली 'कोरोना कवच' साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिन्यांची होती, पण ती त्या साथीपुरती सोय होती. भारतीय कंपन्यांचा नेहमीचा परदेश प्रवास विमा इथून बाहेर जाणाऱ्यांसाठी असतो आणि मायदेशी परतलं की संपतो. परदेशी कंपनीची ट्रॅव्हल पॉलिसी घेणार असाल तर तिच्यातली 'होम कंट्री'ची व्याख्या आधी वाचा. अशा पॉलिसीत मायदेशातले उपचार सहसा वगळलेले असतात, आणि कायमचं परतलेल्या माणसाचा मायदेश भारतच ठरतो.

मग मार्ग काय? वर्षाचीच पॉलिसी घ्यायची. २०२४ च्या नियमांनुसार सात दिवसांची लेखी सूचना देऊन ती मध्येच रद्द करता येते आणि त्या काळात क्लेम केला नसेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम त्या प्रमाणात परत मिळतो. म्हणजे गरजेपुरती छोटी पॉलिसी हवी असेल तर ती हीच. फक्त रद्द करायची घाई करू नका. का, ते पुढच्या मुद्द्यात येतं.

गैरसमज २ : पैसे भरले की दुसऱ्या दिवसापासून सगळं कव्हर.

वस्तुस्थिती : अपघात सोडला तर पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम सहसा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गुडघा बदलणं अशा यादीतल्या उपचारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारांसाठी ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. २०२४ पूर्वी ती चार वर्षांपर्यंत होती.

समजा, १ जूनला पॉलिसी सुरू झाली. १० जूनला स्कूटरवरून पडून हात मोडला, तर क्लेम मिळेल. २० जूनला डेंग्यूने ॲडमिट झालात तर नाही; तोच डेंग्यू ऑगस्टमध्ये झाला तर मिळेल. सप्टेंबरमध्ये मुतखड्याचं ऑपरेशन ठरलं तर बहुधा खिशातूनच. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन मधुमेह, रक्तदाब यांची मुदत कमी करून देतात. चाळिशी-पन्नाशीत परतणाऱ्यांनी ही चौकशी जरूर करावी.

गैरसमज ३ : तिकडे पंधरा वर्षं विमा होता, तो इथे पोर्ट करू.

वस्तुस्थिती : पोर्टेबिलिटी भारतातल्या एका विमा कंपनीकडून दुसरीकडे जाण्यासाठी आहे. परदेशातल्या विम्याची वर्षं इथल्या प्रतीक्षा कालावधीतून वजा होत नाहीत. इथे तुमची सुरुवात शून्यापासून, तिकडे कधी एकही क्लेम केला नसला तरी.

गैरसमज ४ : तिकडचा विमा आणखी काही महिने इथे चालेल.

वस्तुस्थिती : आखातात कंपनीचा विमा नोकरी आणि व्हिसाला बांधलेला असतो. ब्रिटनची एनएचएस तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, पासपोर्ट ब्रिटिश असून भागत नाही. अमेरिकेची मेडिकेअर काही मोजके अपवाद सोडता देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. काही मेडिगॅप प्लॅन परदेशातल्या इमर्जन्सीला मदत करतात, पण तीही प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलरपर्यंत. आणखी एक गोष्ट पासष्टीनंतर परतणाऱ्यांना उशिरा कळते. मेडिकेअरचा 'पार्ट बी' सोडला आणि पुढे परत घ्यायची वेळ आली, तर बाहेर काढलेल्या दर पूर्ण वर्षामागे प्रीमियम साधारण १० टक्क्यांनी कायमचा वाढतो.

अमेरिकेत नोकरी सोडणाऱ्यांना 'कोब्रा'खाली कंपनीचा विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा असल्याने तो महाग पडतो. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर विमा संपल्या दिवसापासून लागू होतो. मात्र त्या प्लॅनमध्ये देशाबाहेरची इमर्जन्सी आहे का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. एचएसए खात्यात शिल्लक असेल तर ती नोकरीबरोबर जात नाही. भारतातल्या हॉस्पिटलच्या पात्र बिलासाठीही ती अमेरिकेचा कर न लागता वापरता येते. मधल्या काळात हा पैसा फार उपयोगी पडतो.

गैरसमज ५ : बीपीची गोळी लपवली तर कुणाला कळतंय? कागद तर सगळे तिकडे.

वस्तुस्थिती : कळतं, आणि बहुतेक वेळा आपल्याच तोंडून. ॲडमिट होताना डॉक्टर विचारतात, नातेवाईक प्रामाणिकपणे सांगतात आणि केसपेपरवर 'नोन केस ऑफ हायपरटेन्शन, पाच वर्षं' अशी ओळ पडते. तोच कागद हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून विमा कंपनीकडे जातो. पॉलिसी चार महिन्यांची आणि बीपी पाच वर्षांचं, हा हिशोब करायला कुणाला अमेरिकेतले कागद लागत नाहीत. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार 'आधीपासूनचा' धरला जातो. तो सांगितला की थांबायची मुदत ठरलेली असते, लपवला तर टांगती तलवार. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. ही पाच वर्षंही पॉलिसी मध्ये तुटू न देता भरावी लागतात.

गैरसमज ६ : सरकारी योजना आहेतच की.

वस्तुस्थिती : आहेत, आणि काहींना खरोखर लाभ होतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, तेही जुन्या आजारांसकट आणि पहिल्या दिवसापासून. मुलाकडून परतलेल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आईवडिलांचं कार्ड आधी काढावं. आधार मात्र हवं. भारतीय पासपोर्टवाल्यांना परतल्यावर लगेच आधारसाठी अर्ज करता येतो. ओसीआय कार्डधारकांना आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी ही योजना धरून चालू नये.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, पण ठरलेल्या उपचारांपुरती आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. तिच्यासाठी शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो, आणि बाहेर असताना शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेलं असू शकतं. आभा कार्ड मात्र विमा नव्हे. तो आरोग्याच्या नोंदींसाठीचा १४ अंकी क्रमांक आहे.

गैरसमज ७ : एनआरआय असताना इथली पॉलिसी घेऊन काय उपयोग?

वस्तुस्थिती : खरा उपयोग तेव्हाच. अनेक भारतीय कंपन्या अनिवासी भारतीयांना पॉलिसी देतात. प्रीमियम एनआरई किंवा एनआरओ खात्यातून भरता येतो. काही वेळा तपासण्या मागतात, त्या सुट्टीत आल्यावर करता येतात. प्रतीक्षा कालावधी पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजला जातो, माणूस उतरल्यापासून नव्हे. तीन वर्षं आधी घेतलेली पॉलिसी परतण्याच्या दिवशी पूर्ण ताकदीची असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे.

इथे लगेच नोकरी लागणार असली तरी हा सल्ला बदलत नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी बहुधा माफ असतो, ही मोठी सोय. पण नोकरी सुटली की ती पॉलिसीही सुटते, आणि तेव्हा वय वाढलेलं असतं.

तेव्हा परतायचा विचार मनात आला की पॉलिसी घ्या. राजीनामा देण्यापूर्वी तिकडच्या विम्याची शेवटची तारीख एचआरकडून लेखी घ्या आणि पॉलिसी आधी घेतली नसेल तर इथली निदान त्या तारखेच्या महिनाभर आधी सुरू करा, म्हणजे ३० दिवस तिकडच्या विम्यातच निघून जातील. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, चालू औषधांची यादी डॉक्टरांकडून घेऊन हातातल्या सामानात ठेवा, कंटेनरमध्ये नको. आणि पॉलिसीचा प्रपोजल फॉर्म एजंटवर न सोपवता, प्रत्येक आजार लिहून स्वतः भरा.