कार्बोरेटरची गळती आणि तोंडात पेट्रोल
जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागले, तर आधी कॉक बंद करा. आतला फ्लोट पेट्रोलच्या पातळीबरोबर वर येऊन नीडल बंद करतो. नीडलखाली कचरा अडकला, नीडल झिजली किंवा पोकळ फ्लोटला छिद्र पडले, की पेट्रोल वाहतच राहते. इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून दूर फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळले तर बदला. नाहीतर नीडलची सीट साफ करा, झिजलेली नीडल बदला.

जेट मात्र तोंडाने फुंकू नका, टाकीतले पेट्रोल नळीने ओढू नका. थोडेसे पेट्रोल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला गंभीर सूज येऊ शकते. पोटात गेल्यास उलटी करवू नका. उलटताना ते फुप्फुसात शिरू शकते. खोकला, धाप लागण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.