पेट्रोल की डिझेल?
वसईच्या खाडीत फिरायला घरची मोटारबोट घ्यायची, तर इंजिन कोणते? आमच्या घरात सध्या हाच वाद आहे. चिरंजीवांना पेट्रोलचे हवे. ते हलके, चपळ आणि घेताना स्वस्त, हे कबूल! पण पेट्रोलची वाफ हवेहून जड. गळती झाली की ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडका उडतो. डिझेलची वाफ एवढी सुटत नाही. शिवाय ते दाबाने तापलेल्या हवेत पेटते. खाऱ्या दमटपणात रुसणारे प्लग नकोतच! कोळी बांधवांच्या मोठ्या होड्यांत डिझेलच धडधडते, ते उगीच नव्हे. आवाज फार, वजनही फार. पण नातवंडांना अर्नाळ्याच्या किल्ल्यावर न्यायचे, तर माझे मत डिझेललाच. सौभाग्यवतींचा कौल अजून बाहेर पडलेला नाही.