झिपरा, बुटका आणि भयंकर बडबड्या!

मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर डॉग शोमध्ये ‘बडी हॉली’ नावाचं एक झिपरं ध्यान ‘बेस्ट इन शो’ ठरलं. या ब्रीडला हा किताब पहिल्यांदाच मिळाला. व्हिडिओ बघून माझ्या आयटीतल्या मैत्रिणीनं जाहीर केलं, ‘मला अस्साच हवा!’

ब्रीडचं नाव पेटी बासे ग्रिफाँ वाँदेआँ. दमलात? पण नाव फोडलं की कुंडलीच हातात येते. पेटी म्हणजे छोटा, बासे म्हणजे बुटका, ग्रिफाँ म्हणजे राठ केसांचा आणि वाँदेआँ म्हणजे पश्चिम फ्रान्समधल्या वाँदेचा. श्वानप्रेमी सरळ ‘पीबीजीव्ही’ म्हणून मोकळे होतात.

उंची जेमतेम १३ ते १५ इंच. विस्कटलेली दाढी, डोळ्यांवर येणाऱ्या भुवया, शेपूट कायम वर. नऊच्या मीटिंगला थेट अंथरुणातून उठून आलेल्या कलीगसारखा अवतार! स्वभावही मस्त, आनंदी, माणसांत रमणारा.

पण हा सोफ्यावरचा शो-पीस नाही हं. काटेरी झुडपांत वासावरून ससे हुडकणं हा याचा खानदानी धंदा. आखूड पायांमुळे तो झुडपांखालून शिरतो, शिवाय पायी येणाऱ्या शिकाऱ्याच्या फार पुढे पळत नाही. राठ केस काट्यांपासून वाचवतात. आणि झाडीत दिसेनासा झाला तरी ‘मी इथे आहे’ हे मालकाला कळावं म्हणून तो ओरडतो. खणखणीत! तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेतही तो हेच करणार. मैत्रीण सकाळी आठला कॅब पकडते, रात्री नऊला परतते. शेजारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय बोलतील, ते तिला मी आधीच ऐकवलं.

एकदा वास लागला की तुमच्या हाका त्याच्या कानात शिरतच नाहीत. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही. म्हणजे नाहीच. शिकवायचं तर खाऊ दाखवून, थोडं थोडं आणि रोज. आरडाओरडा करून हा हट्टी प्राणी ऐकत नसतो. रोज भरपूर चालणं हवं, वासाचे खेळ हवेत. नाहीतर बसल्या बसल्या तुमचे शूज आहेतच.

केसांचं प्रकरण त्या मानानं सोपं. आठवड्यातून एकदा-दोनदा नीट ब्रश करा, जेवणानंतर दाढी पुसा. लोंबत्या, केसाळ कानांत हवा खेळत नाही, म्हणून ते नियमित तपासून कोरडे ठेवा. आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. पाठ लांब असल्यानं वजन वाढू द्यायचं नाही.

एवढं सगळं जमणार असेल, तर पुढचा प्रश्न ब्रीडरला. या ब्रीडमध्ये काचबिंदूचा एक आनुवंशिक प्रकार आढळतो आणि त्यासाठी डीएनए टेस्ट उपलब्ध आहे. पिल्लाच्या आई-बापाचे रिपोर्ट मागा. समोरचा टाळाटाळ करायला लागला, तर ॲडव्हान्स खिशातच ठेवा.

मैत्रीण सध्या वर्क फ्रॉम होमसाठी बॉसच्या मागे लागली आहे.