खडकीचा आकडा

'खडकी, पुणे ४११००३' हा पत्ता मी आयुष्यभर लिहीत आलो. बी.ए. झालेला कवी मी. आकड्यांशी माझा संबंध वाण्याच्या बिलापुरता. एकदा सहज या सहा अंकांची बेरीज केली. ती आली ९. मग ४११००३ ला ९ ने भागलं. उत्तर ४५६६७, बाकी शून्य!

आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो, ती 'हर्षद' संख्या, म्हणजे आनंद देणारी. हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, नोकरी देवळालीच्या शाळेत, १९३० ते १९६२. पदव्युत्तर पदवी नसल्यानं त्यांच्या संशोधनाकडे इथल्या अनेकांनी पोरखेळ म्हणून पाहिलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगानं दखल घेतली.

कापरेकरांचा आणखी एक खेळ. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, की पुढची संख्या जन्मते. ४११००३ मध्ये ९ मिळवा: ४११०१२. ही तर मुळेपलीकडची दापोडी! पुन्हा ९ मिळवा: ४११०२१, बावधन. पुन्हा ९: ४११०३०, चक्क सदाशिव पेठ. पुन्हा ९: ४११०३९, भोसरी. इथं अंकांची बेरीज १८ होते, म्हणून पाऊल दुप्पट पडतं आणि आपण ४११०५७ वर, हिंजवडीत पोचतो.

जिला असा कुणी जनकच नसतो, ती 'स्वयंभू' संख्या, उदाहरणार्थ २०. खडकी स्वयंभू नाही. ४१०९७६ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज २७ मिळवली, की खडकी येते.

आणखी पाहा. ४११००३ विषम आहे. ती संयुक्तही आहे: ३ × ३ × ४५६६७, आणि यातली ४५६६७ ही मूळ संख्या. तिचे स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवले तर होतात १,८२,६८१. संख्येपेक्षा कमी, म्हणून ती 'न्यून'. सहाचे १, २, ३ मिळवले की सहाच होतात, म्हणून सहा 'परिपूर्ण'.

दापोडी, सदाशिव पेठ हा अर्थात योगायोग. पिनचे पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. वयानं माझ्याच बरोबरीची. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही! हे वाचलं आणि आकड्यांबद्दलचा माझा परकेपणा गेला.

समारंभात माझी ओळख 'मुस्लिम मराठी कवी' अशी करून देतात. खोटं नाही त्यात काही. पण आमच्या खडकीचा आकडा एकाच वेळी विषम, संयुक्त, न्यून आणि हर्षद असतो. एक नाव लावलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. माणसाची वर्गवारी करतानाही एवढं गणित आपल्याला यायला हरकत नाही.

तुमच्या पत्त्याखालचे सहा अंक आज मिळवून पाहा. भाग गेला तर आनंद. नाही गेला, तर तो आकडा आणखी कुठल्या घराण्यातला आहे, ते शोधा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)