कुत्रा पाळायचाय, पण घरात वास नको? मावळच्या पावसात कोणती जात बरी, वाचा सविस्तर

वडगाव मावळ : "घरात पाऊल टाकलं की कळतं, यांच्याकडे कुत्रं आहे." उन्हाळ्यात हे वाक्य मावळात फारसं ऐकू येत नाही. जून संपता संपता ऐकू यायला लागतं. दिवाळीनंतर हौसेनं आणलेलं पिल्लू तोवर चांगलं मोठं झालेलं असतं, बाहेर संततधार सुरू असते, खिडक्या बंद, कपडे वाळत नाहीत, आणि घरात ओल्या कुत्र्याचा वास भरून राहतो. मग त्याची जागा सरकायला लागते. आधी हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून जिन्याखाली, तिथून पडवीत साखळीला.

शहरात हे एवढ्यावर थांबलं असतं. मावळात थांबत नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या सगळ्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि रात्री पडवीत बांधलेलं कुत्रं हे बिबट्याला सगळ्यात सोपं सावज. साखळीला असलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. म्हणजे वासामुळे बाहेर गेलेलं कुत्रं जिवालाही मुकू शकतं. त्यामुळे "कोणत्या जातीला वास कमी येतो?" हा प्रश्न वाटतो तितका नखऱ्याचा नाही. जे कुत्रं चार महिने घरात झोपणार आहे, ते घरातल्या सगळ्यांना सहन होईल असंच असायला हवं.

वास येतो कुठून?

आधी एक गोष्ट स्पष्ट. अजिबात वास नसलेलं कुत्रं नसतं. माणसासारखा घाम कुत्र्याला अंगभर येत नाही, तो येतो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. पण अंगभर केसांच्या मुळाशी तेलकट पदार्थ सोडणाऱ्या ग्रंथी असतात. हे तेल कातडीचं रक्षण करतं आणि केसांवरून पाणी ओघळून जायला मदत करतं. या तेलावर सूक्ष्म जिवाणू आणि यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी जगते. वास येतो तो प्रामुख्यानं त्यांनी तयार केलेल्या पदार्थांचा.

कुत्रं कोरडं असतं तेव्हा हे पदार्थ केसांतच अडकून राहतात. अंग भिजलं की ते सुटतात आणि पाण्याच्या वाफेबरोबर हवेत येतात. म्हणून कोरडं असताना ठीक वाटणारं कुत्रं भिजल्यावर एकदम घमघमतं. आता हिशोब करा. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. वडगाव, तळेगावकडे तो कमी होत जातो, पण पावसाळाभर हवा ओलीच. तेव्हा इथं खरा प्रश्न आहे तो कोणतं कुत्रं लवकर वाळतं याचा.

मोबाइलवरच्या याद्या इथं का चालत नाहीत

इंटरनेटवर "कमी वासाच्या जाती" म्हणून शोधलं की ठरावीक नावं येतात : बसेंजी, व्हिपेट, पूडल, बिशॉन फ्रीझ, माल्टीज, डाल्मेशियन, आणि बऱ्याच यादीत सायबेरियन हस्कीसुद्धा. याद्या खोट्या नाहीत. पण त्या थंड, कोरड्या हवेतल्या, हीटर लावलेल्या घरांसाठी लिहिलेल्या आहेत.

हस्कीचंच बघा. कोरड्या थंडीत हस्कीला खरोखर वास कमी असतो. पण त्याचे केस दुहेरी असतात. वर राठ केस आणि आत दाट मऊ लव. ही लव एकदा आतपर्यंत भिजली आणि हवेत दमट असली की लवकर वाळत नाही. बाहेरून हात फिरवला तर कोरडं लागतं, आत कातडीशी ओल तशीच. कातडी लाल होते, खाज सुटते, आणि मग येतो तो वास जातीचा नसतो, आजाराचा असतो. शिवाय एप्रिल-मेच्या उकाड्यात या कुत्र्याचे हाल होतात ते वेगळेच.

पूडल आणि बिशॉन यांचे केस फारसे गळत नाहीत, तेलही कमी. मात्र केस सतत वाढत राहतात. महिना-दीड महिन्यानं कापावे लागतात आणि रोज विंचरावे लागतात. तळेगावात किंवा लोणावळ्यात राहणाऱ्या, वेळ आणि पैसा दोन्ही असलेल्या माणसाला हे जमेल. बाकीच्यांकडे आषाढात त्या केसांच्या गाठी होतात, गाठीत ओल धरते, आणि यादीतली "बिनवासाची" जात सगळ्यात आधी घाण वास मारायला लागते. बसेंजी ही आफ्रिकेतल्या काँगो भागातली जात खरोखरच मांजरासारखी स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणारी, पण आपल्याकडे दुर्मीळ. तिचा विचार सोडलेला बरा.

ज्या जाती जास्त घेतल्या जातात, त्यांचं काय?

लॅब्राडोर हा स्वभावानं सोन्यासारखा कुत्रा. पण त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलँड बेटावर कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात काम करणारे. जाळी ओढायची, सुटलेले मासे आणायचे. त्या कामासाठी अंगावर तेलकट, दाट, दुहेरी केस लागतात, आणि ते त्याला आजही आहेत. पाण्यासाठी बनलेला कुत्रा पावसात वास मारतो हे ऐकायला विचित्र वाटेल, पण कारण तेच तेल आहे. त्यात डबकं दिसलं की लॅब्राडोर त्यात बसलाच म्हणून समजा. मावळात जुलैमध्ये डबक्यांची कमतरता नाही.

पगचे केस आखूड असतात, म्हणून लोकांना वाटतं वास येणार नाही. त्याचा वास केसांत नसतो, चेहऱ्यावरच्या घड्यांत असतो. घडीत ओल आणि खाण्याचे कण साचले की दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. रोज मऊ फडक्यानं पुसून कोरडं करायचं असेल तरच पग घ्यावा. बुलडॉगचं तेच. कॉकर स्पॅनियलचे लांब, लोंबते कान म्हणजे पावसाळ्यात बंद डबाच. आत हवा जात नाही, यीस्ट वाढतं. बीगल हा शिकारी हाउंड, त्याच्या अंगाला मुळातच उग्र वास असतो आणि तो आंघोळीनं जात नाही. शिह त्झूच्या दाढीला पाणी पिताना दरवेळी ओल लागते. आपल्याकडे ज्याला सरसकट "पामेरियन" म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. कोरडा असेपर्यंत त्याला वास फार नाही, पण केस दुहेरी आहेत, त्यामुळे भिजू न देणं हीच त्याची खरी काळजी.

जर्मन शेफर्डबद्दल फार लिहायची गरज नाही. बंगल्याच्या राखणीला लोक घेतात, दाट केसांमुळे पावसात त्रास होतोच.

दारातच उभं असलेलं उत्तर

कमी तेल, आखूड आणि अंगालगत केस, उभे कान, चेहऱ्यावर घड्या नाहीत. या चारही गोष्टी एकत्र असलेलं कुत्रं शोधायला कुठं लांब जावं लागत नाही. ते गावठी कुत्रं आहे. इंग्रजीत याला इंडियन परिया डॉग म्हणतात. हजारो वर्षं माणसाच्या वस्तीजवळ, याच हवेत, याच पावसात जगत आलेलं. त्याला कुणी एका विशिष्ट कामासाठी पैदास करून तेलकट केस किंवा सुरकुतलेलं तोंड दिलेलं नाही. भिजलं की दोनदा अंग झटकतं, कोरड्या फडक्यानं पुसलं की थोड्या वेळात कोरडं होतं. उभ्या कानांत हवा खेळती राहते. कमी वास हा या कुत्र्याचा गुण पाळणारे आवर्जून सांगतात, आणि केसांची ठेवण पाहिली तर त्यात नवल काही नाही.

गावठी आणि भटकं यात मात्र गल्लत होते. भटकं ही कुत्र्याची परिस्थिती झाली. गावठी ही त्याची ठेवण. हॉटेलांच्या मागं कचऱ्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला वास येतो तो कचऱ्याचा, गोचिडांचा आणि खरजेचा. तेच पिल्लू दोन महिन्यांचं असताना घरात आणून जंताचं औषध दिलं, लसी केल्या, तर महिन्याभरात ओळखू येणार नाही. हायवेलगतच्या वस्त्यांत आता पाळीव जातींचा संकरही बराच झालेला असतो. त्यामुळे पिल्लाची आई नीट पाहावी. तिचे केस आखूड आणि कान उभे असतील तर पिल्लू तसंच निघण्याची शक्यता जास्त, अर्थात बाप कोण ते कळत नाही.

दुसरा पर्याय थोडा दक्षिणेचा : कारवानी. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातला हा उंच, सडपातळ, पळणारा कुत्रा. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याला आश्रय दिला, म्हणून तिकडे तो मुधोळ हाउंड. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात तो होता. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. अंगावर पातळ, आखूड केस, तेल नगण्य, वासही नगण्य. पण एक अडचण आहे आणि ती पिल्लू विकणारा सांगत नाही. हा ससे पकडायला बनलेला कुत्रा. दारात कोंबड्या किंवा शेजारी शेळ्यांची करडं असतील तर भांडणं घरापर्यंत येतील. त्याला पळायला मोकळी जागा लागते, आणि पातळ कातडीमुळे लोणावळ्याची थंडीही बाधते. याच घराण्यातला पश्मी दिसायला देखणा, पण कानांना आणि पायांना लांब झालरी असतात. चिखलाच्या गावात त्या झालरी कोण धूत बसणार?

पिल्लू बघायला पावसातच जा

डिसेंबरच्या उन्हात कुठलंच कुत्रं वास मारत नाही. म्हणून शक्य असेल तर पिल्लाची आई जुलै-ऑगस्टमध्ये पाहावी, भिजलेली असताना तर उत्तमच. तिच्या पाठीवरून तळहात दाबून फिरवा आणि हाताचा वास घ्या. हाताला चिकट लागलं तर केस तेलकट आहेत. कान उलटून हुंगा. विकणाऱ्याला हे विचित्र वाटलं तरी चालेल. कायद्यानं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा "लहान आहे तोवर घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून घेऊच नये.

आणि एक : वास कमी म्हणजे अ‍ॅलर्जी होणार नाही, असं नाही. अ‍ॅलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. घरात दम्याचा माणूस असेल तर आधी त्याला त्या कुत्र्याजवळ दोन-तीनदा बसवून बघावं आणि डॉक्टरांना विचारावं.

आणल्यावर काय?

पावसाळ्यात आंघोळीपेक्षा पुसणं महत्त्वाचं. दाराशी जुना पंचा किंवा सुती लुगड्याचा तुकडा कायम ठेवावा. बोटांच्या बेचक्या, पोट, काखा आणि कानामागची जागा कोरडी केली की निम्मं काम झालं. आंघोळ महिन्यातून एकदा पुरते. रोज धुतलं तर कातडीचं तेल निघून जातं, कातडी कोरडी पडते आणि खाजवून खाजवून जखमा होतात. माणसाचा साबण नको, कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्ल नसते, तिला तो झोंबतो. वास मारायला म्हणून फिनाईलचं पाणी अंगावर ओतणं, कापूर किंवा डांबराच्या गोळ्या त्याच्या जागेत ठेवणं हे तर सरळ विष आहे. टी ट्री ऑइलही कुत्र्याला चालत नाही.

अंथरूण हा दुसरा चोर. पुष्कळदा कुत्र्याला वास नसतोच, गोणपाटाला असतो. गोणपाट ओल धरून ठेवतं, भाताचा पेंढा दमटपणात बुरसटतो. त्यापेक्षा जमिनीपासून चार बोटं उंच लाकडी फळी किंवा जुनी छोटी बाज आणि वर धुता येईल अशी चादर. दोन चादरी आलटून पालटून.

बांधावर मेलेला खेकडा किंवा ताजं शेण दिसलं की त्यात लोळायची सवय मात्र कुठल्याच जातीची जात नाही. गावठीचीही नाही.

एवढं करूनही वास अचानक बदलला तर जातीला दोष न देता कुत्र्याला तपासून घ्यावं. कानातून आंबूस वास आणि सारखं डोकं झटकणं म्हणजे कानात संसर्ग. सुक्या मासळीसारखा वास आणि ढुंगण जमिनीवर घासत चालणं म्हणजे गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबल्या आहेत. तोंडाला घाण वास म्हणजे दातांवर कीट किंवा हिरड्या खराब. सगळ्या अंगाला कुजका वास आणि केसांचे चट्टे गेलेले दिसले तर खरूज किंवा बुरशी, त्यासाठी कातडी खरवडून तपासावी लागते. यातलं बहुतेक औषधानं बरं होतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना तपासणीच्या दिवशी कुत्र्याला आंघोळ घालून नेऊ नये. डॉक्टरांना तो वास आणि ते चट्टे जसेच्या तसे बघायचे असतात.