गोगलगायीचा हुशार भाऊबंद

खानदेशाचा समुद्राशी संबंध म्हणजे बाजारात येणारे सुके बोंबील आणि सुकट, इतकेच आपण धरून चालतो. जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेकांनी ऑक्टोपस पाहिला असेल तो मोबाइलच्या पडद्यावर. पण त्याचे भाऊबंद इथे पायापायाशी आहेत. पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीबागांत ओल्या पाचोळ्याखाली सापडणारी गोगलगाय आणि तापी-गिरणेच्या वाळूतला शिंपला हे दोघेही ऑक्टोपसच्याच, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या, संघातले. त्याहून जवळचा नातेवाईक तर अनेकांच्या देवघरात बसला आहे. नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून येणारा शाळिग्राम हा बहुधा अमोनाइट नावाच्या प्राण्याचा जीवाश्म असतो आणि त्यातले चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या कवचाची वेटोळी. अमोनाइट हा ऑक्टोपससारखाच शीर्षपाद, म्हणजे डोक्यालाच हातपाय फुटलेला प्राणी. सातपुडा ओलांडून धार जिल्ह्यातल्या बाघकडे गेले तर तिथल्या चुनखडीतही असे जीवाश्म मिळतात, कारण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा एक फाटा शिरला होता.

अशा मंद, कवचबंद खानदानात ऑक्टोपससारखा हुशार प्राणी निपजला कसा, हा खरा प्रश्न आहे. शिंपल्याला धड डोकेही नसते. गोगलगायीचा संसार हजारांत मोजता येणाऱ्या चेतापेशींवर चालतो. ऑक्टोपसकडे मात्र सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत. घरातल्या उंदराच्या मेंदूत त्या ७ कोटींच्या आसपास असतात. शिवाय ऑक्टोपसच्या पेशींपैकी दोन तृतीयांश डोक्यात नसून आठ हातांत आहेत, म्हणजे हात स्वतःच पुष्कळसे ठरवतात. त्याचा आणि आपला सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून आधीचा, किड्यासारखा साधा जीव होता. तेव्हा ही बुद्धी त्याला आपल्याकडच्या वारशातून मिळालेली नाही. निसर्गाने ती दुसऱ्यांदा, वेगळ्या आराखड्यावर बांधली. माझ्या मते ती बांधायला भाग पाडले ते कवच गमावण्याने.

त्याआधी एका शंकेचे निरसन व्हायला हवे: हा प्राणी खरोखर हुशार आहे, की आपण त्याच्या हालचालींत आपलेच मन वाचतो? ॲरिस्टॉटलने ऑक्टोपसला मूर्ख ठरवले होते, का तर पाण्यात हात घातला की तो पळून न जाता जवळ येतो. आज त्याच वागण्याला आपण कुतूहल म्हणतो, म्हणून शंका रास्त आहे. शिवाय काही गाजलेले पुरावे तितके पक्के नाहीत. १९९२ साली इटलीतल्या नेपल्समध्ये फिओरितो आणि स्कोत्तो या संशोधकांनी दाखवले की एका ऑक्टोपसला लाल किंवा पांढरा चेंडू निवडताना पाहून दुसराही तोच चेंडू उचलतो. त्या निष्कर्षावर पुढे बरेच आक्षेप आले. मत्स्यालयातून निसटण्याच्या कथा मनोरंजक असतात. २०१६ साली न्यूझीलंडमधल्या नेपियरचा ‘इंकी’ नावाचा ऑक्टोपस टाकीबाहेर पडून सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात गेल्याची बातमी जगभर पोचली. पण फट दिसली की शिरणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे, त्यावरून योजना सिद्ध होत नाही. सिॲटलच्या मत्स्यालयातला २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक वजनाचा वाटतो. सारखाच गणवेश घातलेल्या दोन माणसांपैकी एक जण खाऊ घालायचा आणि दुसरा खरखरीत काडीने टोचायचा. दोन आठवड्यांत ऑक्टोपस त्या दोघांशी वेगवेगळे वागू लागले. माणसांचे चेहरे ओळखणे हे काही समुद्राच्या तळाशी उपयोगी पडणारे कसब नव्हे. म्हणजे ते जन्मजात नसून तिथल्या तिथे शिकलेले आहे.

सर्वांत बोलका पुरावा इंडोनेशियातला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही मिळणाऱ्या एका जातीचे ऑक्टोपस तिथे समुद्रतळावर पडलेल्या नारळाच्या करवंट्या गोळा करतात, त्या पोटाखाली धरून हातांवर ताठ उभे राहत अवघडल्या चालीने वाहून नेतात आणि वेळ पडली की दोन करवंट्या जुळवून आत बसतात. २००९ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. कुणी म्हणेल, शंखात राहणारा खेकडाही शंख घेऊनच हिंडतो. खरे आहे, पण शंख त्याला दर क्षणी उपयोगी पडतो. करवंटी वाहताना ऑक्टोपसला तिचा काहीच लाभ नसतो, उलट तो मंदावतो आणि शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. पुढे लागेल म्हणून आत्ता कष्ट सोसणे, हे त्यातले महत्त्वाचे. आणि त्याला लागते ते काय, तर निवारा: पूर्वजांनी टाकून दिलेले कवच तो उसने आणतो आहे.

शीर्षपादांचे जुने पूर्वज कवचधारी होते. कवचात हवा भरून तरंगायचे, धोका आला की अंग आत ओढून घ्यायचे. पुढे समुद्रात मासे आणि मोठे सरपटणारे प्राणी वेगवान झाले आणि जड कवच घेऊन त्यांच्याशी शर्यत करणे परवडेना. शीर्षपादांच्या एका शाखेत कवच शरीराच्या आत गेले, झिजले आणि ऑक्टोपसमध्ये जवळजवळ नाहीसे झाले. वेग मिळाला, तोंडातल्या कठीण चोचीएवढ्या फटीतून निसटता येऊ लागले. पण आता तो हाडाशिवायचा, कवचाशिवायचा, प्रत्येकाला हवासा वाटणारा मांसाचा गोळा होता. दगडाशी रंग जुळवायचा, शाई सोडायची, बिळाच्या तोंडाशी दगड रचायचे, की सरळ पळायचे, हे दर वेळी परिस्थिती पाहून ठरवणे आले. कवचाला असले काही ठरवावे लागत नाही.

यावर शेतकरी लगेच विचारेल, की बांधावर बिनकवचाच्या गोगलगायीही निघतात, मग त्या का हुशार नाहीत? हा आक्षेप चांगला आहे आणि तो मान्य करून विवेचन नेमके करावे लागते. बिनकवचाची गोगलगाय पाने कुरतडते, अंधारात आणि ओलीत दडते, चिकट स्रावावर भागवते. पाने पळून जात नाहीत. ऑक्टोपसला खेकडे पकडायचे असतात, म्हणजे स्वतः भक्ष्य असतानाच शिकारही करायची असते. त्यासाठी त्याच्याकडे आपल्यासारखे भिंग असलेले डोळे आधीच होते आणि वस्तू हाताळणारे हातही. उघडे शरीर, शिकारी जीवन आणि ही अवजारे एकत्र आली तेव्हा मेंदूवर केलेला खर्च फायद्याचा ठरला. नुसते कवच गळून भागले नसते. दुसरा आक्षेप नॉटिलसचा. हा शीर्षपाद आजही कवचात राहतो आणि तरी शिकतो. निळा प्रकाश आणि खाऊ यांची सांगड घातली तर ती तो २४ तासांपर्यंत लक्षात ठेवतो, असे २००८ साली दिसून आले. म्हणजे शिकण्याचा पाया कवचधारी पूर्वजांतच असावा. पण ऑक्टोपसच्या स्मृतीचे मेंदूतले मुख्य केंद्र नॉटिलसमध्ये नाही. पाया जुना आणि इमला नवा, असे मानायला त्यामुळे जागा राहते. कवच म्हणजे विनाश असेही यातून काढू नये. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जळगाव-धुळ्याचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांतून घडत होता त्याच सुमारास, अमोनाइट नामशेष झाले. कवचधारी नॉटिलस मात्र टिकले.

सर्वांत अवघड आक्षेप आयुष्याचा. हत्ती, वानर, डॉल्फिन, माणूस हे हुशार प्राणी दीर्घायुषी आणि कळपात राहणारे. थोरांकडून शिकतात, शिकलेले वर्षानुवर्षे वापरतात. ऑक्टोपस एकटा जगतो, बऱ्याच जाती एक-दोन वर्षांत संपतात आणि अंड्यांची राखण करणारी मादी पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते, त्यामुळे शिकवणारे कुणी उरतच नाही. इतक्या अल्पायुष्यासाठी एवढा मेंदू कशाला? इथेही कवच पुन्हा उपयोगी पडते. कवचातला नॉटिलस वीस वर्षे जगू शकतो आणि वयात यायलाच त्याला दहाहून अधिक वर्षे लागतात. उघड्यावरच्या प्राण्याला दोन-तीन वर्षांनंतरचा भरवसा नसतो, तेव्हा लवकर वाढून सगळी ताकद एकाच विणीत ओतणारे पिढ्यान्‌पिढ्या सरस ठरतात. हे मरण शरीर झिजल्याने येत नाही, हे संशोधक जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ साली दाखवले: डोळ्यांजवळच्या दोन्ही ग्रंथी काढून टाकल्यावर अंड्यांवर बसलेल्या माद्यांनी अंडी सोडली, त्या पुन्हा खाऊ लागल्या आणि कित्येक महिने जास्त जगल्या. ज्या उघडेपणाने बुद्धीची गरज निर्माण केली, त्यानेच आयुष्यही आखूड केले.